यात्रेआधी वेबसाइटची तयारी (फोटो-व्हिडिओ भरपूर असतील तर)

गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेआधी शहाद्याकडच्या एका घोड्यांच्या व्यापाऱ्याची वेबसाइट करून दिली. १४० फोटो, ११ व्हिडिओ, दिसायला झकास. दत्तजयंती झाली, यात्रा भरली, घोडे विकले गेले, पण वेबसाइट बघून कोणाचा एक फोन आला नाही. शेवटी व्यापाऱ्यानेच गुगलच्या फोटोंमध्ये 'नुकरा घोडी सारंगखेडा' (नुकरा म्हणजे पांढरी) टाकून बघितलं आणि मला फोन लावला, "भाऊ, मनी घोडी कोठे शे?" (माझी घोडी कुठे आहे?) घोडी वेबसाइटवर होती, गुगलकडे नव्हती. यंदा पुन्हा तेच काम हातात आलंय, म्हणून लिहून ठेवतोय. तुमचं केळीचं काम असो की लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ, यादी हीच.

होस्टिंग (साइट ठेवायची जागा), एसएसएल (सुरक्षित जोडणी), मोबाइलवर नीट दिसणं, हे धरून चालतो.

आता माझं पाप. सगळे फोटो मी सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणारा कोड) बॅकग्राउंड म्हणून टाकले होते, कारण तसे चौकटीत छान कापून बसतात. गुगल सीएसएसमधले फोटो इमेज सर्चमध्ये घेतच नाही. त्याला आयएमजी टॅग (पानाच्या कोडमधली फोटोची खूण) लागतो आणि त्या टॅगच्या एसआरसी या रकान्यात फोटोचा पत्ता लागतो. चौकटीत बसवायचंय ना? सीएसएसमध्ये ऑब्जेक्ट-फिटला कव्हर द्या, तसंच दिसतं. तपासायला एक मिनिट पुरतं: कॉम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक करा. 'इमेज सेव्ह करा' असा पर्याय आला तर बहुतेक ठीक. नाही आला तर तो फोटो बॅकग्राउंडमध्ये असण्याचीच शक्यता जास्त. प्रत्येक प्रकारच्या पानावर करा, एकाच पानावर करून थांबू नका.

मग वजन. कॅमेऱ्यातून आलेला फोटो सहा हजार पिक्सेल रुंद असतो आणि आपण तो वीतभर फोनवर दाखवतो. तो तसाच चढवला की शिरपूरच्या एसटी स्टँडवर उभा असलेला माणूस पान उघडायची वाट बघत बसत नाही, परत जातो. फोटो वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फाइल प्रकारात करा, तीन-चार रुंदीच्या प्रती काढा आणि टॅगच्या एसआरसीसेट या रकान्यात सगळ्यांचे पत्ते द्या, म्हणजे फोन आपल्या मापाची प्रत उचलतो. साधा एसआरसी मात्र सोबत राहू द्या. प्रत्येक टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो आला की खालचा मजकूर धक्का खाऊन सरकतो आणि माणूस फोन नंबरवर बोट ठेवायला जातो तर भलतंच दाबलं जातं.

लेझी लोडिंग (माणूस जवळ आल्यावरच फोटो उतरवणं) चांगलं, पण वरच्या पहिल्या मोठ्या फोटोला लावू नका. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गुगलचं माप आहे, आणि तो भाग बहुतेक वेळा हाच फोटो असतो. त्याला उलट फेचप्रायॉरिटी हाय द्या, म्हणजे ब्राउझर तो आधी उतरवतो. आणि लेझीसाठी जुनी जावास्क्रिप्टची प्लगिनं वापरू नका. ती खरा पत्ता डेटा-एसआरसीमध्ये लपवतात आणि खाली स्क्रोल केल्यावरच एसआरसीमध्ये भरतात. गुगलबॉट (पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम) काही बोटाने स्क्रोल करत नाही. म्हणजे आयएमजी टॅग असूनही पुन्हा घोडी गायब, आणि इथे राइट क्लिकही फसवतं, कारण तोवर तुम्ही स्क्रोल केलेलं असतं. पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून फाइलचं नाव शोधा; ते नुसतं डेटा-एसआरसीमध्ये नाही, एसआरसीमध्ये दिसायला हवं. ब्राउझरने दिलेली लोडिंग लेझीची सोय पुरेशी आहे.

फाइलची नावं: 'आयएमजी ४०३२' कोणाच्या कामाचं? नाव रोमन लिपीत ठेवा, शब्दांमध्ये आडवी रेघ द्या. देवनागरी नाव चालतं, पण लिंक कॉपी केली की टक्क्याच्या खुणा धरून एकेका अक्षराची किमान नऊ चिन्हं होतात आणि व्हॉट्सॲपवर हातभर कचरा जातो. ऑल्ट मजकूर (टॅगमधलं फोटोचं वर्णन) मात्र मराठीतच, माणसाला सांगावं तसा: 'चार वर्षांची नुकरा घोडी, तापीकाठी'. त्यात 'घोडा घोडी विक्री स्वस्त घोडा' असं कोंबू नका. घोड्याचं वय, उंची, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे की नाही, हे फोटोखाली साध्या मजकुरात लिहा. दरपत्रकाचं पोस्टर बनवून चिकटवू नका. (व्यापारी पोस्टरचाच हट्ट धरतो. पोस्टर ठेवा, खाली तेच टाइप करा.)

व्हिडिओ. अकराही एका पानावर टाकले होते, ही दुसरी चूक. पानाचा मुख्य विषयच व्हिडिओ असेल तर गुगल शोधात त्याचं चित्र दाखवतो, म्हणून महत्त्वाच्या व्हिडिओला स्वतंत्र पान द्या आणि व्हिडिओऑब्जेक्टमध्ये (गुगलसाठी पानात लिहायची माहिती) नाव, थंबनेल (छोटं चित्र), अपलोडची तारीख भरा. बाकीच्या पानांवर यूट्यूबचा प्लेअर थेट बसवू नका. आधी नुसतं चित्र, दाबल्यावर प्लेअर. आपोआप वाजणारं काही नको. हलणारी जिफ असेल तर तिचा एमपी४ करा.

बाकी पटापट. देवनागरी फाँट डब्ल्यूओएफएफ२ या हलक्या फाइल प्रकारात, अक्षरांच्या दोनच जाड्या. कॅशची (ब्राउझर जपून ठेवतो त्या प्रतींची) मुदत लांब. रोबोट्स फाइलमध्ये (गुगलने कुठे जायचं नाही ते सांगणारी) फोटोंचं फोल्डर अडवलेलं नाही ना, बघा. वर्डप्रेस असेल तर सर्च इंजिनांना थोपवणारी खूण काढा. साइटमॅपमध्ये (पानांची यादी) फोटो घाला, सर्च कन्सोलला (साइटमालकांसाठीची गुगलची सोय) द्या, यात्रेच्या आठवड्यात नाही, दिवाळीच्या आधी, कारण गुगल आपल्या सवडीने येतो. जुने पत्ते बदलले तर ३०१ (नव्या पत्त्यावर कायमचं पाठवणं) लावा. स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद करून, एकदा पूर्ण बघा.

आणि गॅलरीचं टेम्पलेट कोणी बदललं, तुम्ही स्वतः बदललं तरी, पुन्हा राइट क्लिक आणि पुन्हा सोर्स. काल मी तेच केलं. नव्या थीमने पहिल्या पानावरचे सहा फोटो परत बॅकग्राउंडमध्ये टाकले होते.