गाडीतनंच कॉफी देणारा स्टॉल टाकायचाय? आधी झोन बघा

भावांनो, कोल्हापुरात गाडीतनं न उतरता कॉफी मिळणारा छोटा स्टॉल काढायचा असेल तर मशीन नंतर घ्या, आधी जागेचा झोन दाखला (जागा रहिवासी, व्यापारी की शेती झोनमध्ये येती ते सांगणारा कागद) काढा. मी आधी जागेचा अ‍ॅडव्हान्स देऊन बसलो आणि मग कळलं की जागा पूररेषेत येतीय, दोन महिने डोक्याला ताप झाला. २०१९ अन् २०२१ चा पूर बघितलाय ना, मग पंचगंगेच्या बाजूची जागा असेल तर निळी रेषा, म्हणजे पुराचं पाणी वारंवार येतं ती हद्द, कुठं येती ते आधी बघाच.

जागा शहराच्या हद्दीत असेल तर महापालिकेचा नगररचना विभाग, उचगाव-पाचगावकडं असेल तर २०१७ पासनं प्राधिकरण (शहराभोवतीच्या गावांचं नियोजन बघणारं सरकारी कार्यालय) आहे, तिथं विचारा. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि मोजणी नकाशा सोबत न्या. रहिवासी झोन म्हणजे लगेच नकार असं नसतंय, रस्त्याची रुंदी बघून २०२० च्या युडीसीपीआर (राज्याच्या बांधकाम नियमावली) नियमात छोटी दुकानं बसतात, म्हणून नियम वाचून जावा.

बांधकाम परवानगीचा अर्ज लायसन्सवाल्या आर्किटेक्टकडनंच करा. नकाशात गाड्या कुठनं आत येणार, कुठनं बाहेर जाणार आणि रांगेत किती थांबणार ते स्पष्ट दाखवा, कारण रांग रस्त्यावर आली की शेजारी तक्रार करणार, आणि त्यांचं बरोबरच असतंय. हायवेला लागून एन्ट्री पाहिजे तर हायवे खात्याची परवानगी वेगळी लागती.

पत्र्याचं शेड आहे, त्याला कशाला परवानगी, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. परवानगी हातात आली की मग फूड लायसन्स.