बागेतल्या सामायिक वाटेची आखणी: फक्की मारण्याआधीची तयारी

बागेतून एकच वाट काढायची, तिच्यावरून सकाळी चालणारे जावेत, संध्याकाळी मुलांच्या सायकली जाव्यात, आणि बाळाची गाडी किंवा व्हीलचेअरही कुठे अडू नये, असा प्रस्ताव महापालिकेकडे द्यायचे ठरले की पहिल्याच बैठकीत कुणीतरी बागेचा नकाशा टेबलावर पसरतो आणि लाल पेनाने एक छान नागमोडी रेघ ओढतो. पुढच्या बहुतेक अडचणी त्या रेघेपासून सुरू होतात, कारण त्यानंतरची सगळी मोजमापे तिचे समर्थन करण्यासाठीच घेतली जातात. ही यादी रेघेच्या आधीच्या कामांची आहे आणि ती सांगलीतल्या, म्हणजे कृष्णाकाठच्या काळ्या मातीतल्या बागेसाठी लिहिली आहे. जे आपल्याला मुळीच हलवता येत नाही ते आधी पाहावे, या हिशेबाने पाणी प्रथम, मग माती, मग झाडे आणि शेवटी माणसे असा क्रम मी लावला आहे.

पाण्याच्या पाहणीसाठी एक पूर्ण पावसाळा हाताशी ठेवावा. घाई असेल तर निदान मे महिन्यातले दोन वळीव तरी चुकवू नयेत. जोराची सर थांबल्यावर तासाभरात छत्री, काठी आणि बांबूच्या कामट्यांना बांधलेली कापडी निशाणे घेऊन बागेत जावे, आणि जिथे पाणी तुंबले आहे तिथे निशाण रोवावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, तिसऱ्या दिवशीही जावे. दुसऱ्या दिवशी कोरडी झालेली जागा उतार देऊन सुधारता येते. तिसऱ्या दिवशीही जिथे पाऊल रुतते त्या जागेवरून वाट नेण्याचा हट्ट धरू नये. हे मी अनुभवाने लिहितो आहे. एका छोट्या गावातल्या बागेची आखणी मी एप्रिलमध्ये, खडखडीत कोरड्या जमिनीवर केली होती आणि पूर्वेकडच्या कोपऱ्यातले वळण मला फार आवडले होते. जुलैत त्या वळणावर बेडकांनी अंडी घातली.

तुंबणारे पाणी एक आणि पुराचे पाणी वेगळे. सांगली शहरात स्वतःचा पाऊस तसा बेताचाच पडतो. पूर येतो तो घाटमाथ्यावरच्या पावसाने आणि कोयनेतून सुटणाऱ्या विसर्गाने, म्हणजे इथे लख्ख ऊन असतानाही नदी बागेत शिरू शकते. इशारा पातळी आयर्विन पुलाजवळ ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पुराच्या दिवसांत ‘आयर्विनला किती फूट?’ हाच प्रश्न गावभर असतो, तेव्हा आपली नोंदही त्याच भाषेत करावी. आयर्विनला किती फूट झाले की बागेच्या कोणत्या कोपऱ्यातून पाणी आत येते, ते नदीकडून येते की नाल्यातून उलटे चढते, आणि कोणत्या कट्ट्यापर्यंत पोचते, हे जुन्या माळ्याला, रखवालदाराला आणि कुंपणापलीकडच्या घरातल्या आजींना विचारून कागदावर लिहून घ्यावे. भिंतींवर राहिलेल्या गाळाच्या रेषाही टेपने मोजाव्यात.

याच टप्प्यावर जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांचा नकाशा मिळवावा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची समजली जाते. निळ्या रेषेच्या आत, नदीच्या बाजूला, बाग किंवा मैदान असा मोकळा वापर चालतो, पण कायमचे बांधकाम चालत नाही. त्यामुळे स्वच्छतागृह, रखवालदाराची खोली आणि विजेची पेटी यांच्या जागा वाटेच्या आधी ठरवून त्या रेषेबाहेर ठेवाव्यात. पुराच्या पट्ट्यात भराव घालून वाट उंच करण्याची सूचना कुणीतरी हमखास करील. ती नम्रपणे नाकारावी. उंच केलेली वाट बांधासारखी पाणी अडवते आणि पूर ओसरल्यावर तिच्या मागे गाळाचे तळे राहते. तिथे वाट जमिनीसरशी ठेवावी, ती बुडणार हे गृहीत धरावे, आणि पाण्याच्या टँकरने धुऊन काढता येईल असा पृष्ठभाग निवडावा.

मातीचे काम थोडे किचकट आहे, पण टाळता येण्यासारखे नाही. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट दोन-तीन वर्षांत तडकते आणि पेव्हर ब्लॉक समुद्राच्या लाटांसारखे वर-खाली होतात. वाटेच्या संभाव्य पट्ट्यात दर ५० मीटरवर गुडघाभर खड्डा घेऊन काळा थर किती जाड आहे आणि खाली मुरूम लागतो का, हे पाहावे. प्रत्येक खड्ड्यातला नमुना शहरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माती-प्रयोगशाळेत फुगवट्याच्या चाचणीसाठी द्यावा. चाचणी पाहायला मिळाली तर समितीतल्या सगळ्यांनी जाऊन पाहावी, इतकी ती बोलकी आहे. चाळलेली, वाळवलेली १० ग्रॅम माती काचेच्या एका नळकांड्यात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलमधली माती तळाशी निमूट बसून राहते, आणि पाण्यातली फुगून वर चढलेली असते. पाण्यातले आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा निम्म्याहून जास्त वाढलेले दिसले, तर त्या मातीवर थेट काहीही घालू नये. काळा थर काढून चांगला मुरूम थराथराने, पाणी मारून आणि रोलर फिरवून भरण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. चालणाऱ्यांसाठी दाबलेल्या मुरुमाची वाट गुडघ्यांना सोसते, आणि माझे मत विचाराल तर सावलीच्या भागात पेव्हर घालूच नयेत, कारण श्रावणात त्यांच्यावर शेवाळ धरते आणि पहिली व्यक्ती घसरते ती हमखास सत्तरी ओलांडलेली असते. व्हीलचेअरच्या पट्ट्याला मात्र सैल मुरूम चालत नाही. तिथे खरखरीत काँक्रीटच हवे.

पाणी आणि माती कळल्यावर झाडांची नोंद करावी. आमराईसारख्या जुन्या बागेत हे काम दोन दिवसांचे नाही, दोन आठवड्यांचे आहे. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजावा, आणि फांद्यांचा घेर जमिनीवर कुठपर्यंत पडतो हे दुपारी बाराच्या सावलीवरून खुणावून ठेवावे. झाडाला पोसणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दोन फुटांच्या मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात, हे पुष्कळांना पटत नाही. पण वाटेसाठी फूटभर खोदले की त्यातली बरीच मुळे तुटतात, आणि झाड लगेच मरत नाही म्हणून दोष कुणावर येत नाही. शक्यतो वाट फांद्यांच्या घेराबाहेरून न्यावी. तसे जमले नाही तर त्या भागात न खोदता, जमिनीवरच कापडी जाळी अंथरून तिच्यावर पाणी मुरणारा थर घालावा, आणि बुंध्याभोवती निदान मीटरभर माती पूर्ण उघडी राखावी. झाड तोडायचे असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. एकही झाड पाडावे लागणार नाही अशी रेघ शोधणे हे परवानगी मिळवण्यापेक्षा सोपे असते.

झाडांच्या वहीत आणखी एक रकाना असावा, तो म्हणजे झाड काय खाली टाकते याचा. जांभळाखालची वाट जूनमध्ये निसरडी होते, गुलमोहराच्या फांद्या वादळात पटकन मोडतात, आणि आग्या मोहोळ बसणाऱ्या उंच फांदीखाली बाकडे ठेवणे शहाणपणाचे नाही.

माणसांची मोजणी सगळ्यांना सोपी वाटते आणि म्हणूनच ती वरवर उरकली जाते. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते आठ, दर पंधरा मिनिटांना फाटकाजवळ आणि मधल्या एका जागी बसून किती जण चालत गेले, किती धावले, किती सायकली गेल्या, किती काठ्या आणि किती बाळगाड्या गेल्या, हे लिहावे. त्याचबरोबर किती जण जोडीने आणि किती तिघे-चौघे ओळीने चालतात हेही टिपावे, कारण रुंदी त्यावरच ठरते. फिरायला येणारी मंडळी गप्पा मारायला येतात. ‘एका ओळीत चाला’ असा फलक लावून ती एका ओळीत चालतील, असे मानणाऱ्याने आपल्याच वडिलांसोबत एकदा फिरायला जावे. लोकांनी गवत तुडवून पाडलेल्या पायवाटाही नकाशावर घ्याव्यात. हास्यक्लबचा कट्टा, पाण्याचा नळ आणि मागचे फाटक यांना जोडणारी जी तिरकी पायवाट दिसेल, ती बहुधा आपल्या अधिकृत वाटेचा निम्मा भाग स्वतःच सांगून टाकते.

इतके हाती आल्यावर मापांकडे वळावे. दोन्ही दिशांच्या सामायिक वाटेला ३ मीटर रुंदी आणि दोन्ही बाजूंना सुमारे ६० सेंटिमीटर मोकळी, सपाट कड हे जगभर रुळलेले माप आहे. गर्दी कमी असेल तिथे अडीच मीटरपर्यंत उतरता येते, त्याखाली नाही. सकाळच्या गर्दीत सायकली आणि चालणारे सतत एकमेकांना ओलांडत असतील तर एकच वाट रुंद करत बसण्यापेक्षा मुरुमाची वेगळी पायवाट काढावी. लांबीच्या दिशेचा उतार २० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नसावा, म्हणजे व्हीलचेअर ढकलणाऱ्याची दमछाक होत नाही. आडवा उतार मात्र ५० ला १ एवढा हवाच, नाहीतर पाणी वाटेवर बसते. फांदीची उंची किमान अडीच मीटर सोडावी आणि ती ऑगस्टमध्ये मोजावी, कारण पाने भिजली की मार्चमध्ये डोक्यावर असलेली फांदी सायकलवाल्याच्या कपाळापर्यंत येते.

वळणांचा हिशेब कागदावर नव्हे, जमिनीवर करावा. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. समोरचे मूल दिसून ब्रेक दाबेपर्यंत दोन-अडीच सेकंद जातात आणि त्यानंतर थांबायला आणखी सहा-सात मीटर लागतात. म्हणजे वळणावर २० मीटर पुढचे दिसलेच पाहिजे. एकाने वळणाच्या अलीकडे सायकलवर बसावे, दुसऱ्याने २० मीटर पुढे लहान मुलाच्या उंचीएवढे, तीन फुटांवर हात धरून उभे राहावे. तो हात मेंदीच्या कुंपणामागे लपला तर कुंपण छाटावे किंवा वळण सरकवावे. वेग कमी करण्यासाठी गतिरोधक घालू नये, व्हीलचेअरला तो भिंतीसारखा असतो.

फाटकाशी मोटारसायकली अडवण्याचा प्रश्न निघेल. ज्या फटीतून व्हीलचेअर जाते तिच्यातून मोटारसायकलही जाते, हे मान्य करूनच पुढे जावे. फिरती जाळी किंवा आडवे-तिडवे लोखंडी पाइप बसवले की दुचाकी थांबते, पण ज्यांच्यासाठी वाट काढली त्यांतले निम्मे बाहेर राहतात. त्यापेक्षा दोन खांबांमध्ये दीड मीटर मोकळे अंतर ठेवावे आणि रखवालदाराची बसण्याची जागा तिथून समोर दिसेल अशी धरावी. दिवे, बाकडी आणि कचरापेट्या यांच्या जागा त्यानंतर ठरवल्या तरी चालतात. केबलची नळी मात्र वाटेखालून आडवी आधीच टाकून घ्यावी.

आता रेघ काढावी, पण तीही आधी जमिनीवर. सुतळी, लाकडी खुंट्या आणि मैदानावर वापरतात ती फक्की घेऊन दोन्ही कडा आखाव्यात आणि पंधरा दिवस तशाच ठेवाव्यात. या काळात एका सकाळी व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला, एका संध्याकाळी सायकलवरच्या चार मुलांना आणि एका रविवारी हास्यक्लबला ती वाट पूर्ण फिरायला बोलवावे, आणि ते जिथे थांबतील, वळतील किंवा रेघ सोडून गवतात उतरतील तिथे बिनबोलता दुसऱ्या रंगाची खुंटी ठोकावी. शेवटी पक्क्या झालेल्या प्रत्येक खुंटीला क्रमांक देऊन तिचे अंतर हलणार नाही अशा दोन वस्तूंपासून, म्हणजे विहिरीच्या कट्ट्यापासून आणि एखाद्या जुन्या चिंचेच्या बुंध्यापासून, मोजून वहीत लिहावे. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना स्टंप कमी पडले की ती आपल्याच खुंट्या उपटतात, आणि मग दोन मापांवरून कंपास फिरवल्यासारखे दोन टेप ताणले की खुंटी पुन्हा जागेवर बसते.