ईस्टरची तयारी आणि फुग्यांची ताडी
झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून घरी परतताना वाटेतच ताडीवाल्याकडे जावे आणि पवित्र शनिवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसाच्या, सकाळची ताडी सांगून ठेवावी. मागच्या ईस्टरला मी नेमके हेच विसरले. शनिवारी दुपारी गेले, तोवर वसईतल्या घरोघरच्या फुग्यांसाठी (ताडीने फुगवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) ताजी ताडी केव्हाच उचलली गेली होती. मला मिळाली ती आदल्या दिवशीची, इतकी आंबलेली की पीठ वर आलेच नाही. फुगे जड आणि आंबूस झाले, आणि सणाच्या दिवशी आमच्या ताटांत विकतचा पाव आला. त्याचे मला अजून वाईट वाटते. म्हणून पुन्हा सांगते, ताडी आधी सांगावी.

मैदा, अंडी, साखर, तेल घरात असतातच. बाटली मसाल्याची, म्हणजे बाटल्यांत भरून ठेवायच्या आपल्या मिश्र मसाल्याची, बाटली मात्र उघडून वास घ्यावा, कारण हा मसाला आपण उन्हाळ्यात वर्षभरासाठी करतो आणि ईस्टरपर्यंत तो तळाला गेलेला, कधी वास उडालेला असतो.

सोरपोतेल, म्हणजे डुकराचे मांस आणि काळीज घालून केलेला आंबट-तिखट रस्सा, गुरुवारी सकाळीच शिजवून टाकावे. मांस आणि काळीज उकडून बारीक चिरण्यातच अर्धा दिवस जातो, शिर्का (व्हिनेगर) मुरायला दोन दिवस हवेत, आणि गुड फ्रायडेला मांस वर्ज्य असल्यामुळे त्या दिवशी मीठ चाखून पाहता येत नाही. नंतर रोज एकदा चांगली उकळी द्यावी.

मार्झिपानची अंडी बुधवारी साच्यातून काढावीत. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी यांचे ते मिश्रण आपल्या दमट हवेत सावकाश वाळते, आणि घाईने अंड्याचे दोन ओले अर्धे भाग जोडले तर अंडे बसते. मुलांनी कितीही हट्ट केला तरी पूर्ण वाळल्याशिवाय त्यांवर नावे लिहू नयेत.

शनिवारी सकाळी ताडी आणली का, हे आधी पाहावे. बाटलीचे बूच घट्ट लावू नये. ताडी आंबत असताना वायू साठतो आणि बाटली फुटू शकते. नारळाचे दूध त्याच दिवशी काढावे. पीठ सैल, हाताला चिकटेल असे भिजवावे, भांडे दुप्पट मोठे घ्यावे. ईस्टर 25 एप्रिलपर्यंत कधीही येऊ शकतो आणि तो उशिरा आला तर उकाड्यात पीठ फार लवकर वर येते, म्हणून ते संध्याकाळीच भिजवून रात्री ईस्टरच्या जागरणाच्या मिस्सेवरून आल्याबरोबर तळायला घ्यावे. हात ओला करून मुठीतून पीठ दाबावे, अंगठ्याजवळून वर आलेला गोळा तेलात सोडावा. यीस्टची एक पुडी घरात असू द्यावी, पण तिच्या भरवशावर ताडी सांगायची टाळू नये. ती चव यीस्टने येत नाही.

रविवारी इंदियाल (मांसाचा मसालेदार आंबट रस्सा), केक, शेजाऱ्यांची ताटे. ताटांवरची रुमाले आदल्या दिवशी धुवावीत. आणि ताडीवाल्याला पुढच्या वर्षीची तारीख त्याच आठवड्यात सांगून टाकावी.