नव्याने टीम लीड होणाऱ्यांसाठी : वाईट बातमी तुमच्यापर्यंत कधी पोहोचते?

उत्तम कोड लिहिणाऱ्या व्यक्तीकडे टीमची सूत्रे येतात तेव्हा तिचा पहिला ओढा साधने, बैठका आणि नियम बदलण्याकडे असतो. त्याआधी काही आठवडे नुसते निरीक्षण करावे, असे मी प्रत्येक नव्या लीडला आवर्जून सांगतो. आणि पाहायचे काय, तर रिलीज लांबणार आहे किंवा एखादा बग (कोडमधली चूक) प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर, गेला आहे हे आपल्याला किती उशिरा कळते आणि सांगणाऱ्याला पुढे कोणती वागणूक मिळते.

समाजशास्त्रज्ञ रॉन वेस्ट्रम यांनी 2004 मध्ये संस्थांच्या संस्कृतीची जी त्रिविध विभागणी मांडली, तिचा गाभा हाच आहे. सत्तेभोवती फिरणाऱ्या संस्थेत वाईट बातमी आणणाऱ्याला शिक्षा होते, नियमांभोवती फिरणाऱ्या संस्थेत त्याच्याकडे दुर्लक्ष होते, तर कामाला महत्त्व देणाऱ्या संस्थेत अशी बातमी कशी द्यावी हे लोकांना शिकवले जाते. संस्थांमधील वर्तनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास करताना असे आढळले की, चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद अधिक होती, कारण तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. म्हणून तुम्ही सूत्रे हाती घेतल्यावर नोंदवलेल्या बगची संख्या वाढली, तर लगेच घाबरून जाऊ नका. आधी जे दडपले जात होते ते आता वर येत असण्याची शक्यता बरीच असते.

खरी कसोटी लागते ती सिस्टिम कोलमडल्यावर. 31 जानेवारी 2017 रोजी कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. ‘हे कोणी केले?’ एवढ्यावर चौकशी थांबली असती, तर एक माणूस दोषी ठरला असता आणि प्रकरण मिटले असते. पण कंपनीने सगळा घटनाक्रम अभियंत्याचे नाव न घेता जाहीर केला, तेव्हा अधिक गंभीर गोष्ट उघड झाली : बॅकअप घेणाऱ्या साधनाची आणि डेटाबेसची आवृत्ती न जुळल्यामुळे नेहमीचा बॅकअप होतच नव्हता, आणि तो फसल्याची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात होते. माणूस बदलून यातले काहीच सुधारले नसते. अशा घटनेनंतरच्या आढावा बैठकीत मी पहिला प्रश्न विचारतो तो असा : त्या क्षणी समोर कोणती माहिती होती, ज्यामुळे ती कृती योग्य वाटली?

दोष न देणे म्हणजे जबाबदारी सोडून देणे, असा गैरसमज मात्र होऊ देऊ नये. बैठकीत ठरलेल्या प्रत्येक सुधारणेपुढे एका व्यक्तीचे नाव आणि तारीख हवी, आणि ते काम पुढच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यात) खरोखर घेतले जायला हवे. नाहीतर अहवाल लिहिण्याची मेहनत वाया गेली असे लोकांना वाटते, आणि ते वाटणे योग्यच असते.

रोजच्या कामात संस्कृती सर्वांत जास्त घडते ती कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकाचा कोड दुसरा तपासतो तेव्हा. ‘तू हे चुकीचे लिहिले आहेस’ या शेऱ्याने नवखा प्रोग्रामर गप्प होतो; ‘ही यादी रिकामी आली तर पुढची ओळ काय करेल?’ या प्रश्नाने तो कोड पुन्हा वाचतो. लीडने आपला स्वतःचा कोडही सर्वांत नव्या सदस्याकडे रिव्ह्यूसाठी द्यावा आणि त्याने दाखवलेली त्रुटी सर्वांसमोर मान्य करून दुरुस्त करावी. याचा परिणाम कोणत्याही भाषणापेक्षा लवकर दिसतो. रिव्ह्यू दोन-दोन दिवस पडून राहत असतील, तर शेऱ्यांच्या भाषेआधी तो प्रश्न सोडवा आणि बदल लहान तुकड्यांत पाठवायची सवय लावा.

टीममधल्या प्रत्येकाशी होणाऱ्या वैयक्तिक भेटींविषयी एवढेच सांगतो की, त्यांत कामाचा आढावा घेऊ नये. तो टीमच्या कामांच्या बोर्डवर दिसतोच. ‘सध्या कोणत्या गोष्टीची धास्ती वाटते?’ असे विचारून थांबावे. पहिल्या काही भेटींत बहुधा ‘काही नाही’ असेच उत्तर मिळते. तरीही भेट रद्द करू नये आणि प्रश्नही बदलू नये.