लॉग अक्ष लावल्यावर सरफेस प्लॉट फाटतो तेव्हा
दाभोळ खाडीच्या गढूळपणाचा सरफेस प्लॉट (पृष्ठभागासारखा त्रिमितीय आलेख) काढताय आणि अक्ष लॉग (1, 10, 100 असा दसपटीने चढणारा) केल्याबरोबर मुखाजवळचा भागच गायब? आधी शून्य शोधा. मुखापासूनचं अंतर तिथे 0 असतं आणि शून्याचा लॉग निघतच नाही. अंतराला लॉग अक्ष लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो गढूळपणाला द्या, पावसाळ्यात ते आकडे कित्येक पटींनी चढतात.

मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीच्या अनेक आवृत्त्यांत त्रिमितीय लॉग अक्ष नीट चालत नाही. तिथे अक्षाला हात न लावता आकड्यांचाच लॉग10 घ्या, तो प्लॉट करा आणि 0, 1, 2 च्या खुणांवर 1, 10, 100 असं लिहा. ग्रिडवर इंटरपोलेशनही (नोंदींच्या मधल्या जागांचे आकडे अंदाजाने भरणं) लॉग घेतल्यानंतरच करा. नाहीतर पुराची एकच नोंद आजूबाजूचे सगळे आकडे गिळते.