स्वतःच्या रचनांचा छोटा कार्यक्रम करताय? या चुका टाळा

चाळीस-पन्नास श्रोते, तीन-चार वादक आणि सगळं संगीत तुमचं. असा कार्यक्रम फसतो तेव्हा दोष रचनेचाच असतो असं नाही. रचना तुम्हाला तोंडपाठ असते आणि समोर बसलेल्यांनी ती एकदाही ऐकलेली नसते, हे तयारीच्या धांदलीत विसरलं जातं. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

सगळंच एका दिवशी ऐकवणं

२२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात संगीतकार बेथोव्हेनने स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम केला. पाचवी आणि सहावी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना), चौथा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना), शिवाय गायन, आणि शेवटी वाद्यवृंद, गायकवृंद व पियानो यांची एक फँटसी, म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना. कडाक्याच्या थंडीत हे सुमारे चार तास चाललं. तालमी अपुऱ्या होत्या, त्यामुळे फँटसी मध्येच कोलमडली आणि थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. आज या कृतींना आपण काहीही म्हणू, त्या रात्री श्रोते गारठून गेले होते.

छोट्या कार्यक्रमात पन्नास मिनिटांचं संगीत भरपूर झालं. यादी करताना फक्त रचनांची लांबी मोजू नका. सूर लावणं, खुर्च्या आणि स्टँड हलवणं, दोन शब्द बोलणं, टाळ्या हे सगळं धरलं की पन्नास मिनिटांचे सव्वा तास सहज होतात. यादी लांबली असेल तर प्रत्येक रचनेला कात्री लावण्यापेक्षा एक आख्खी रचना काढा. ती बहुधा तुमची लाडकीच असेल, त्याला इलाज नाही.

कॉम्प्युटरच्या कानाने ऐकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नोटेशनचं सॉफ्टवेअर तुमची रचना न चुकता वाजवून दाखवतं आणि तुम्ही खूश होता. पण त्याला श्वास लागत नाही, ओठ थकत नाहीत, बोटांचा पल्ला कमी पडत नाही. बासरीचे खालचे सूर पियानोच्या जोरकस कॉर्डखाली (एकत्र वाजणाऱ्या सुरांखाली) प्रत्यक्षात गडप होतात. स्क्रीनवर ते छान ऐकू येतात, कारण तिथे आवाजाची पट्टी सरकवता येते.

एक साधी तपासणी करा. समजा एक ओळ आहे: मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत, चार ठोक्यांचे सहा बार (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक कप्पा), मध्ये कुठे विराम नाही. म्हणजे चोवीस सेकंद. मेट्रोनोम लावून ती ओळ स्वतः एका दमात गाऊन पाहा. तुमचा दम सुटला त्याच्या आसपास वादकाचाही सुटणार, फक्त तो सभ्यपणे काही बोलणार नाही आणि श्वास नको तिथे घेईल. त्यापेक्षा श्वासाची जागा तुम्हीच लिहून द्या.

पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाची त्याच्या वाद्यापुरती लिहिलेली प्रत, छापतानाही हेच. उजव्या पानाचा शेवटचा बार दोन्ही हातांनी वाजवायचा असेल तर पान उलटणार कोण? पानाच्या शेवटी विराम येईल अशी मांडणी करा. नाहीच जमलं तर अर्धं पान कोरं सोडा किंवा तीन पानं शेजारी-शेजारी चिकटवा. प्रत्येक ओळीला बार क्रमांक हवेतच. कुणाला वीस बार थांबायचं असेल तर त्याच्या पार्टमध्ये दुसऱ्या वाद्याची एक ओळखीची ओळ बारीक अक्षरात घाला, म्हणजे बोटांवर मोजत बसावं लागत नाही. आणि पार्ट आधी पोचवा. तालमीच्या आदल्या रात्री मोबाइलवर पाठवलेली पीडीएफ म्हणजे पार्ट दिला असं होत नाही.

तालीम नेहमी सुरुवातीपासून

दर वेळी पहिल्या बारपासून सुरू केलं की सुरुवात घोटून गुळगुळीत होते आणि शेवट कच्चा राहतो. एखादी तालीम शेवटच्या पानापासून सुरू करून मागे मागे या. लय बदलणाऱ्या जागा वेगळ्या काढून घ्या, कारण गाडी घसरते ती तिथेच.

घसरली तर भेटायचं कुठे, हे आधी ठरवा. प्रत्येक रचनेत तीन-चार मुक्काम पार्टवर मोठ्या अक्षरांत खुणा करून ठेवा आणि मानेने इशारा कोण देणार तेही ठरवा. तालमीत एकदा मुद्दाम घोळ घालून हे करून पाहा. प्रत्यक्ष कार्यक्रमात मग चेहरे पडत नाहीत, आणि श्रोत्यांना रचना नवीन असल्यामुळे त्यांना बहुधा कळतही नाही. नव्या संगीताचा एवढा तरी फायदा घ्यावा.

खोली गृहीत धरणं

रिकाम्या खोलीत घुमणारा आवाज माणसं भरली की आटतो. शरीरं आणि कपडे आवाज शोषतात, त्यातही वरचे सूर जास्त. म्हणून रिकाम्या खोलीत थोडं जास्त घुमतंय वाटलं तर लगेच घाबरू नका. माणसं भरल्यावरही घुमत असेल, तर जलद जागा किंचित सावकाश घ्या, नाहीतर सगळा चिखल होतो.

सूर उतरण्या-चढण्याचंही गणित आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्यं हिशेबाने सुमारे तीन सेंट चढतात. शंभर सेंटचा एक अर्धस्वर धरला, तर दहा अंशांत अर्धस्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. धातूच्या तारा मात्र उष्णतेने सैलावून उतरतात, म्हणजे दोघं एकमेकांपासून दूर जातात. उपाय एकच: वाद्यं लवकर आणून त्याच खोलीत ठेवा आणि सूर शेवटी लावा. पियानो असेल तर तो जागेवर ठेवल्यानंतरच ट्यून करून घ्या. ऐन वेळी तो हलणार नाही, इतरांनीच त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

माइकने शिट्टी मारली तर स्पीकर माइकच्या पुढे सरकवा, माइक वाद्याच्या जवळ न्या आणि आवाज कमी करा. खरं तर इतक्या छोट्या खोलीत माइक लागतोच का, हे आधी विचारा.

बोलून दमवणं, किंवा माफी मागणं

“तालीम थोडी कमी पडलीय” असं सांगून सुरुवात केली की लोक चुका शोधत ऐकतात. रचना कशी सुचली याची दहा मिनिटं नकोत. कान कुठे लावायचा ते एका वाक्यात सांगा: “चेलोची पहिली चार स्वरांची आकृती शेवटी उलटी होऊन येते.” बास.

त्याहून चांगलं म्हणजे रचना दोनदा वाजवा. संगीतकार शोनबर्गने १९१८ मध्ये व्हिएन्नात नव्या संगीतासाठी खासगी मंडळ काढलं, तिथे कृती पुन्हा पुन्हा वाजवल्या जात. टाळ्यांना मनाई होती. टाळ्या असू द्यात, पण चार मिनिटांची अवघड रचना मध्यंतराच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ठेवली तर दुसऱ्या वेळी लोक तिच्यात शिरतात.

किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

तारीख ठरवताना आजूबाजूला काय आहे ते पाहा. संगीतकार शूबर्टने हयातीत केवळ स्वतःच्या रचनांचा एकच जाहीर कार्यक्रम केला, २६ मार्च १८२८ ला. गर्दी झाली, पण तीनच दिवसांनी नामवंत व्हायोलिनवादक पागानिनी व्हिएन्नात वाजवायला उभा राहिला आणि वर्तमानपत्रं त्याच्यातच रमली. कवितेला चाल लावली असेल तर कवीची किंवा हक्कदारांची परवानगी आधी घ्या. रेकॉर्डिंग करणार असाल तर वादकांना विचारा, आणि साउंड चेकमध्ये दोन मिनिटं खरंच रेकॉर्ड करून ऐका.

कार्यक्रम संपला की पार्ट गोळा करायला विसरू नका. वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा, श्वासाच्या जागा, खोडलेली बोटांची चिन्हं, “इथे हळू” असं खरडलेलं, हे सगळं त्याच आठवड्यात मूळ प्रतीत उतरवून घ्या. पुढच्या वेळचा पार्ट तिथूनच छापायचा.