लिब64 हलवलं आणि एलएससुद्धा चालेना
लिनक्सवर रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून एमव्ही ही फाइल हलवायची कमांड मारताना स्लॅशआधीचं, ‘चालू फोल्डरमधलं’ असं सांगणारं टिंब राहून गेलं आणि सिस्टिमचं लिब64च, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्रऱ्यांचं ठिकाण, दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलं. लगेच यादी दाखवणारी एलएस, कॉपी करणारी सीपी, खुद्द एमव्ही, सगळ्यांचं एकच रडगाणं: अशी फाइल नाही. फाइल होती हो. सापडत नव्हता तो तिला चालवणारा, लिब64मधला लोडर.

नशीब, एसएसएच सेशन (दुरून मशीनशी असलेली जोडणी) बंद केलं नाही. नवं लॉगिन मिळालंच नसतं. बॅशच्या, म्हणजे कमांड घेणाऱ्या शेलच्या, पोटातल्या सीडी, एको चालत होत्या. नावं छापणारं ‘एको स्टार’ करत फोल्डर चाचपले. लिब64 ही नुसती सिमलिंक, दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी. खरा माल यूएसआर फोल्डरखालच्या लिब64मध्ये जागच्या जागी. मग तिथल्या एलडी-लिनक्स लोडरलाच पूर्ण पाथने हाक मारली, लायब्ररी-पाथ (लायब्रऱ्या कुठे आहेत ते) दिला आणि त्याच्याकरवी लिंक बनवणारी एलएन चालवून लिंक पुन्हा जोडली. एलएस मारलं, यादी आली. रीबूटची हिंमत मात्र त्या दिवशी झाली नाही.